एम.एस्सी. : गणित की संख्याशास्त्र?

बी.एस्सी. होणारे आपले माजी विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात; घरात सल्ला देणारे बहुधा कुणी नसते. गणितात सिद्धतेला महत्त्व, तर संख्याशास्त्रात अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याला. आवड ज्याची त्याने ओळखावी. पालकांनी मात्र एक बाब ध्यानी घ्यावी. प्राध्यापकीसाठीची सीएसआयआर-नेट परीक्षा ‘गणितीय विज्ञान’ या एकाच विषयाखाली दोघांनाही खुली आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवेस मात्र पदवीला किंवा पदव्युत्तर स्तरावर संख्याशास्त्र असावेच लागते. पदवीला तो विषय नसताना केवळ गणितात एम.एस्सी. केल्यास ही संधी हुकते. गणित अवघड म्हणून संख्याशास्त्राकडे वळणे तर आम्हांस मुळीच मान्य नाही. ‘जॅम’ प्रवेशपरीक्षेच्या संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतही कलन आणि रेषीय बीजगणित असतेच.