लेझर आत, रेडिओलहरी बाहेर

फोटॉनिक रडार विमानावर लेझरचा झोत टाकतं, म्हणून धुक्यात ते निकामी! हे इतक्यांदा ऐकावं लागतं की आता चीड येते. झोत टाकून अंतर मोजतं ते लिडार. फोटॉनिक रडारच्या अँटेनातून जातात त्याही रेडिओलहरी आणि परततात त्याही रेडिओलहरीच. लेझरचा प्रकाश आतल्या फायबरमध्येच राहतो. त्याचं काम लहरी घडवण्याचं आणि परतलेल्या लहरी मोजण्याचं. इटलीत पिसाच्या संशोधकांनी असं संपूर्ण रडार २०१४ साली 'नेचर'मध्ये मांडलं. तिथल्या विमानतळावरून उडालेली प्रवासी विमानं त्यांनी टिपली ती सुमारे १० गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी.

मग लेझरची उठाठेव कशाला? बँडविड्थसाठी, म्हणजे वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीसाठी. १५० मेगाहर्ट्झ बँडविड्थ असलेल्या रडारला एकामागे एक असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात मीटरभर अंतर लागतं. ८ गिगाहर्ट्झ असली तर दोन सेंटिमीटर पुरतात. इतका रुंद पट्टा निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सला जड जातो. १५५० नॅनोमीटरच्या लेझरची वारंवारता मात्र सुमारे १९३ टेराहर्ट्झ. तिच्यापुढे ८ गिगाहर्ट्झ अगदीच किरकोळ.

यातला खरा आनंद पुढे आहे. रडार 'चर्प' पाठवतं, म्हणजे गायकानं सूर सलग चढवत न्यावा तशी वारंवारता चढत जाणारी लहर. तीच चढण मॉड्युलेटरमधून लेझरच्या प्रकाशावरही उमटवलेली असते. परतलेला प्रतिध्वनी या प्रकाशावर चढवला की दोन्हींमधला फरक तेवढा कमी वारंवारतेच्या संकेतात उरतो आणि त्यावरून अंतर निघतं. आता त्याच प्रकाशावर हवेतली एखादी अनोळखी लहर चढवा आणि पुढे एक अरुंद फिल्टर ठेवा. प्रकाशाची चढती वारंवारता आणि ती लहर यांची बेरीज फिल्टरच्या जागेशी जुळते, नेमक्या त्या क्षणी पलीकडे एक स्पंद उमटतो. स्पंद लवकर आला की उशिरा, यावरून लहरीची वारंवारता कळते. लक्ष्याचा वेध आणि आसपासच्या स्पेक्ट्रमची पाहणी, दोन्ही कामं एकाच लेझरवर! कुठला पट्टा आधीच गजबजलेला आहे हे रडारला त्यामुळे स्वतःच पाहता येतं.

म्हणजे आपले फोन ऐकणार? नाही. वारंवारता मोजणं वेगळं, बोलणं उलगडणं वेगळं.

प्रकाशामुळे रडार वेगवान होतं? रेडिओलहरीही हवेत प्रकाशाच्याच वेगानं जातात. उलट फायबरमध्ये प्रकाश सुमारे एक तृतीयांशानं मंदावतो.

स्टेल्थ विमानं उघडी पडणार? प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घातानं घटते. लेझर आणला म्हणून हा नियम बदलत नाही. शिवाय संकेत प्रकाशावर चढवताना आणि परत उतरवताना ताकद गळते, गोंगाट वाढतो. या बातम्या छापण्याआधी एवढं तरी कुणाला विचारावं.

आणि 'हे सगळं प्रयोगशाळेपुरतं' म्हणणाऱ्यांनी नारायणगावजवळ खोडदला जावं. तिथली जीएमआरटी म्हणजे रडार नव्हे, रेडिओ दुर्बीण आहे. पण तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी पकडलेले रेडिओसंकेत प्रकाशावर स्वार होऊनच फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत पोहोचतात. या अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपासच गळती होते, म्हणूनच एवढ्या लांबून आकाशातला क्षीण संकेत शाबूत आणता येतो.