सामाईक शिडनौका : सज्जता आणि हाताळणी

छोट्या शिडनौकेचा मालक एकटाच असेल तर तिचा प्रत्येक गुणदोष त्याच्या हाताला ठाऊक असतो. कोणता दोर झिजला आहे, तळाशी पाणी किती साचते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात काल सुकाणूवर कोण होते, हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. नौकाविहार मंडळाच्या सामाईक नौकेची गोष्ट याहून अगदी निराळी असते. आज ती एका सभासदाच्या ताब्यात असते, तर पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या. पहिल्याने तुटका खिळा पाहूनही सांगितला नाही, तर त्याचे फळ दुसऱ्याला भर समुद्रात भोगावे लागते. म्हणूनच अशा नौकेची सज्जता हा साधनांइतकाच सवयींचा विषय होय.

मुंबईच्या बंदरात ही परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ साली झाली. गेटवे ऑफ इंडियाच्या समोर बोयांना बांधलेल्या शिडनौका आजही दृष्टीस पडतात. झाशीजवळच्या गुरसरायसारख्या जुन्या मराठी जहागिरीच्या गावातील वाचकाने बेतवेवरील धरणाच्या जलाशयात होडी पाहिली असेल. परंतु तेथे पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक साडेचार मीटरांच्या आसपास जातो. बंदरातील नौकेचे सारे वेळापत्रक आणि तिच्यावरील निम्मी सामग्री या एका गोष्टीवरून ठरते.

येथे विचारात घेतलेली नौका वीस ते चोवीस फूट लांबीची, चार-पाच माणसांची, तळाशी जड पठाण असलेली आणि झोपण्यापुरती लहानशी खोली असलेली आहे. तिच्यावर काय असावे याच्या याद्या पुष्कळ आढळतात. माणशी एक जीवरक्षक जाकीट, फेकण्याचा बोया व त्याला बांधलेला तरंगता दोर, होकायंत्र, विजेऱ्या, पाण्याच्या टाक्या, औषधपेटी, धोक्याचे अग्निसंकेत, बिनतारी संदेशयंत्र आणि देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा त्या भागाचा नकाशा, इतके असलेच पाहिजे. अग्निसंकेतांची मुदत संपत असते, हे सामाईक नौकेत हमखास विसरले जाते. बिनतारी यंत्राच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक द्यावयाची असते, तर किनाऱ्याजवळ दूरध्वनी चालत असल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ हा आहे. दोन्ही क्रमांक सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेवलेले बरे. आणि बादली विसरू नये. घाबरलेला मनुष्य बादलीने जितक्या वेगाने पाणी उपसतो, तितक्या वेगाने क्वचितच एखादा पंप उपसत असेल.

खरी परीक्षा नांगराच्या दोराची असते. समजा, ओहोटीला दोन मीटर पाण्यात नांगर टाकला आणि खोलीच्या सहापट म्हणून बारा मीटर दोर सोडला. सहा तासांनी पाणी साडेचार मीटर चढले, म्हणजे खोली साडेसहा मीटर झाली. पाण्यापासून नाळेपर्यंतची एक मीटर उंची मिळविली की साडेसात मीटर होतात. आता तोच बारा मीटर दोर दुपटीसही पुरत नाही. तो जवळजवळ उभा राहतो, नांगर तळातून उपटला जातो आणि आत झोपलेल्यांना नौका वाहू लागल्याचे कळतही नाही. हिशोब भरतीच्या खोलीवरून केला असता, तर पंचेचाळीस मीटर दोर लागला असता. म्हणून मंडळाच्या नौकेवर किमान पन्नास-साठ मीटर दोर व नांगरालगत काही मीटर साखळी असावी, आणि दोरावर दर पाच मीटरांना रंगाची खूण असावी. आधीच्या सभासदाने दोराचा तुकडा कापून अन्यत्र वापरला असेल, तर ही खूणच ते उघड करते.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील कोळ्यांची जुनी रीत मोठी सोयीची आहे. तिथीच्या आकड्याला पाऊण पटीने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. परंतु बेत आखताना ही रीत पुरेशी ठरते.

गेटवेपासून मांडव्यापर्यंतची सफर हे तिचे चांगले उदाहरण आहे. अंतर सात-आठ सागरी मैल, दिशा दक्षिण-आग्नेय. मोसमात सकाळी जमिनीवरून मतलई वारे हलकेच वाहतात आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे जोर धरतात. जाताना वारा पाठीशी असतो. नौका जणू आपोआप जाते, आणि नवशिक्याला आपण पटाईत झाल्यासारखे वाटते. फसगत परतताना होते. शिडाची नौका वाऱ्याच्या रोखापासून सुमारे पंचेचाळीस अंशांहून जवळ जाऊ शकत नाही. वायव्येचा वारा तोंडावर घेऊन तिला नागमोडी वळणे घेत यावे लागते व अंतर नऊ-दहा मैलांचे होते. एकादशीला सकाळी साडेआठला निघाले, तर ओहोटी बाहेर नेते आणि दुपारी अडीचनंतरची भरती आत आणते. पौर्णिमेला मात्र भरती दुपारच्या आधी संपते आणि परतीच्या वेळी उधाणाची ओहोटी समोरून लोटत असते. तिच्यावर उलटा वारा आला की लाटा आखूड व उभ्या होतात. हौशी मंडळी नेमकी चांदण्याच्या मोहाने पौर्णिमेलाच निघतात, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

वारा वाढतो आहे असे वाटू लागताच शीड आखडून लहान करावे. नौका कलंडून पाणी आत येऊ लागल्यावर तेच काम दुप्पट कठीण होते. सुकाणू हाताला जड लागू लागणे ही पहिली खूण होय. शिडाच्या खालची आडवी काठी एका बाजूहून दुसरीकडे झपाट्याने जाते तेव्हा तिच्या वाटेत डोके असता कामा नये. वळण्यापूर्वी मोठ्याने सूचना देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. सामाईक नौकेत ही सूचना सर्वांनी एकाच शब्दांत द्यावी. दोरांची जागाही कोणी आपल्या सोयीने बदलू नये. अंधारात हात जेथे जातो तेथे तोच दोर सापडला पाहिजे.

माणूस पाण्यात पडल्यास एकाने केवळ त्याच्याकडे बोट रोखून पाहत राहावे, दुसरे काही करू नये. लाटांत मनुष्याचे डोके क्षणात दिसेनासे होते. दुसऱ्याने बोया फेकावा. सुकाणूवाल्याने वळून खालच्या अंगाने, म्हणजे वारा समोर ठेवून, त्याच्याकडे यावे आणि शिडे सैल सोडून त्याच्यापाशी नौका थांबवावी. पुढचे काम सर्वांत अवघड. भिजलेल्या, दमलेल्या माणसाला कठड्यावरून वर ओढणे दोघांनाही जमत नाही. शिडी अथवा पाय ठेवण्यापुरता दोराचा फास आधीच तयार हवा, आणि याचा सराव वर्षातून एकदा तरी बंदरातच करावा.

परत आल्यावर नोंदवही लिहिल्याविना किल्ली स्वीकारू नये, असा नियम अनेकांना जाचक वाटतो. तरीही तो हवाच. 'सर्व ठीक' हे शब्द त्या वहीत निरुपयोगी असतात. डोलकाठीच्या डाव्या तारेचे दोन धागे तुटले आहेत, पाण्याची झडप घट्ट फिरते, इंजिनात इंधन पाव टाकी आहे, अशी नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते. दोष सांगणाऱ्याला दोष दिला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, हे मंडळाच्या चिटणिसाने ध्यानात ठेवावे.

मे महिन्याच्या अखेरीस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपूर्वी नौका पाण्याबाहेर काढतात. डोलकाठी उतरविली जाते, शिडे गोड्या पाण्याने धुऊन सुकवितात, दोरांना चिठ्ठ्या बांधतात, पठाणाचे बोल्ट तपासतात आणि तळावरील कालवे खरवडून नवा रंग देतात. वर्षभराच्या नोंदवहीतून दुरुस्त्यांची यादी याच वेळी काढली जाते, आणि पाऊस ओसरून ऑक्टोबरात नौका पुन्हा पाण्यात उतरण्यापूर्वी तिच्यातील एकेका ओळीवर खूण पडते.