शिकाऊ उमेदवार : विद्यार्थी की कामगार?

नोकरीच्या आशेवर अल्प वेतनाने अथवा विनावेतन काम करणे यास मराठीत 'उमेदवारी करणे' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी असलेला फारसी 'उमेद' हा शब्द आशावाचक आहे. कारागिरीच्या धंद्यांतील शिकाऊ मुलांच्या वेतनाचा प्रश्न या आशेभोवतीच फिरतो. कुशल कामगार आणि शिकाऊ उमेदवार यांच्या प्राप्तीत जे अंतर असते, ते शिक्षणाचे शुल्क मानावयाचे की अगतिकतेची किंमत, हे ठरविण्यासाठी कायदा आणि अर्थशास्त्र या दोहोंचा विचार करणे अवश्य आहे.

सुतार, लोहार, सोनार यांच्या घरी मुलगा बापाच्या हाताखाली शिके, तेव्हा वेतनाचा प्रश्न उद्‌भवत नसे. शिकणारा परक्याच्या कारखान्यात गेला म्हणजे तो उद्‌भवतो. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. एवढ्या दीर्घ मुदतीची आवश्यकता नाही, उमेदवारास आरंभापासून कामाच्या प्रमाणात मोबदला मिळाला तर तो अधिक तत्परतेने शिकेल, असा आक्षेप ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये घेतला. १८१४ मध्ये ती सक्ती रद्द झाली. तथापि हिंदुस्थानातील १८५० च्या कायद्यात सात वर्षांची कमाल मर्यादा पुन्हा दिसते. अनाथ व निर्धन मुलांना हस्तव्यवसाय शिकविण्याच्या हेतूने झालेल्या या कायद्यान्वये दहा ते अठरा वर्षांच्या मुलास करारबद्ध करता येत असे.

त्याची जागा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने घेतली. त्याच्या कलम १८ अन्वये शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. म्हणून कामगारविषयक कायदे त्यास लागू होत नाहीत. त्यास वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. याच कायद्याने आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या कारखाना कायद्यातील तरतुदी मात्र तो जणू कामगार आहे असे मानून त्यास लागू केल्या. अपघाताच्या भरपाईबाबतही तेच तत्त्व स्वीकारले. यंत्रात बोट सापडले तर तो कामगार, महिनाअखेरीस मात्र विद्यार्थी, अशी ही दुहेरी अवस्था आहे. २०१९ च्या वेतन संहितेनेही या कायद्याखालील उमेदवारास 'कर्मचारी' या व्याख्येतून वगळले.

या भेदाचे समर्थन अर्थशास्त्रात सापडते. गॅरी बेकर यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात सामान्य आणि विशिष्ट अशा दोन प्रकारच्या प्रशिक्षणांत भेद केला. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक सोसणार नाही. कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. म्हणून तो खर्च शिकणारा कमी वेतनाच्या रूपाने स्वतःच भरतो. लेथवर बसलेला नवखा मुलगा प्रथम धातू वाया घालवतो, जुन्या कारागिराचा वेळ घेतो. तेव्हा त्यास कमी मिळणे समजण्यासारखे आहे. परंतु हे समर्थन सशर्त आहे. शुल्क घेतले तर विद्या दिली पाहिजे. तोच मुलगा एकच भाग महिनोन्‌महिने कापत राहिला, किंवा झाडलोट व ओझी वाहणे यांतच त्याचे दिवस गेले, तर वेतनातील कपात हे शुल्क राहत नाही. ती केवळ श्रमाची बचत होते.

हा धोका कायद्याने ओळखलेला आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम देणे आणि नगावारी मोबदला देणे यांस त्याने मनाई केली. परंतु २०१४ च्या दुरुस्तीने अशा अपराधांची कारावासाची शिक्षा काढून प्रत्येक प्रसंगास एक हजार रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी विद्यावेतन राज्यातील अर्धकुशल कामगारांच्या किमान वेतनाच्या ७०, ८० व ९० टक्के असे वर्षानुक्रमे ठरले होते. २०१९ च्या नियमांनी हा दुवा तोडून पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ही किमान रक्कम निश्चित केली. दुसऱ्या वर्षी १० व तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ ठेवली. किमान वेतन महागाईबरोबर काही अंशी तरी सरकते. निश्चित रक्कम जागच्या जागी राहते. केंद्रीय परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली ती २०२५ मध्ये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून प्राथमिक कौशल्य घेऊन आलेल्या मुलास हे अंतर अधिक जाणवते. कारण त्याचा हात लवकरच उत्पादनास लागतो.

तक्रारीचा मार्ग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. मात्र ज्या मालकाविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच कारखान्यात मुदत पुरी करावयाची असते आणि पुढील नोकरीची आशाही बहुधा तेथेच असते. मूळ कायद्याने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातले नव्हते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर गोष्टी समान असल्यास प्रशिक्षित उमेदवारास सरळ भरतीतील उमेदवाराहून प्राधान्य द्यावे, असे म्हटले. परंतु प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे.

तात्पर्य, विद्यावेतनाचा आकडा हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. मालकाने काय दिले याचा हिशोब रुपयांत होतो. काय शिकविले याचा हिशोब प्रशिक्षणाच्या नोंदवहीत व्हावयाचा असतो. ती वही कोणी तपासत नसेल, तर 'विद्यार्थी' हे नाव वेतन टाळण्याचे साधन होते, आणि उमेदवाराजवळ केवळ उमेद उरते.