काम झाल्यावर सोनं जातं कुठे?

उन्हाळ्याच्या सुटीत वाराणसीला घरी गेलो होतो. दुर्गा घाटाजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी मोबाइलवर आलेला एक मेसेज दाखवला. सोन्याचे कण आणि प्रकाश यांनी कॅन्सरची गाठ जळून जाते, असं त्यात लिहिलं होतं. त्यांच्या बहिणीवर लहरताऱ्याच्या होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार चालू आहेत. आजोबा म्हणाले, "तू सायन्सवाला ना? मग सांग, हे तिथे मिळतं का?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर चार दिवस वाचून जे समजलं, ते इथे लिहितो.

मेसेज खोटा नव्हता, अर्धवट होता. आयआयटी मुंबईचे प्रा. रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रातले डॉ. अभिजित डे यांच्या गटांचं असं संशोधन 2015 साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये छापून आलं आहे. लहरताऱ्याचं हॉस्पिटलही टाटा मेमोरियलचंच. म्हणजे आजोबांचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता.

अंधारात पेटत्या टॉर्चवर बोटं ठेवली की ती लाल दिसतात, कारण तांबडा प्रकाश मांसातून बराच आत जातो, निळा-हिरवा वाटेतच अडतो. या उपचारात तांबड्याच्या टोकाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा 750 नॅनोमीटरचा लेसर वापरला. त्याने शरीर फारसं तापत नाही. पण योग्य आकाराच्या सोन्याच्या कणावर तो पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एकदम हेलकावे घेतात आणि प्रकाशाची उष्णता होते. पेशींचं तापमान 50 अंशांच्या वर गेलं की त्या काही मिनिटांत मरतात.

खरी अडचण त्यानंतरची आहे. सोनं गंजत नाही, विरघळत नाही. दागिन्यांत हा गुण, शरीरात मात्र डोकेदुखी. मूत्रपिंडाची चाळण साधारण 6 नॅनोमीटरपेक्षा मोठे कण सोडत नाही, आणि या प्रकाशात चांगले तापणारे कण बहुधा त्याहून बरेच मोठे असतात. ते यकृतात, प्लीहेत अडकून राहतात. फायरिंगनंतर आम्हाला रिकामी काडतुसं मोजून परत द्यावी लागतात. इथे तो हिशेबच लागत नाही.

मुंबईच्या गटांनी यासाठी लायपोसोम वापरला. लायपोसोम म्हणजे चरबीचा सूक्ष्म फुगा. आपल्या पेशींचं आवरणही तशाच चरबीचं असतं. या फुग्यावर त्यांनी सोन्याच्या बारीक कणांचा थर दिला. थर अखंड असतो तोवर तो प्रकाश शोषून तापतो. पुढे यकृताच्या पेशी त्या फुग्याची मोडतोड करतात, थर सुटतो आणि सोनं पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडतं. मला यातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटली. उंदरांमध्ये हा प्रवास तपासला गेला, आणि लेसर दिल्यावर त्यांच्यातली गाठ पूर्ण नाहीशी झाली.

‘उंदरांमध्ये’ हा शब्द मेसेजमध्ये नव्हता! माणसांवर अमेरिकेत एक छोटी चाचणी झाली. प्रोस्टेट कॅन्सरच्या 16 रुग्णांची ही माहिती 2019 साली प्रसिद्ध झाली. पण ते कण सिलिकावर सोनं चढवलेले होते, मुंबईसारखे विघटन होणारे नव्हते. शिवाय हा प्रकाशही शरीरात फार खोल जात नाही, म्हणून लेसरचा तंतू आत घालावा लागला. आणि कॅन्सर अंगभर पसरला असेल, तर लेसर धरायचा कुठे?

निघायच्या आदल्या दिवशी मी आजोबांना हे सगळं सांगितलं. लहरताऱ्याला हा उपचार अजून मिळत नाही, हेही सांगितलं. "किती वर्षं लागतील?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही." त्यांच्या बहिणीची पुढची केमो मंगळवारी होती. ती चुकवू नका, एवढं मात्र मी ठामपणे सांगितलं.