शरद ऋतूतील सामने

अमेरिकेत ‘फुटबॉल’ हा शब्द ज्या खेळाला लावतात, तो भारतीय वाचकाच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड कवचे घालून, अंडाकृती चेंडू हातांत धरून खेळला जाणारा तो एक निराळाच खेळ आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. नावांचा हा भेद आरंभीच ध्यानात ठेवलेला बरा. कारण एका खेळाच्या अवाढव्यपणामुळेच दुसऱ्याला महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या जीवनात जागा मिळाली, असा काहीसा विलक्षण संबंध या हकिकतीत पुढे येणार आहे.

अमेरिकन विद्यापीठातील महिला-सॉकरचा हंगाम फार आखूड असतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, वर्ग भरण्यापूर्वीच, खेळाडू विद्यापीठात दाखल होतात. त्या महिन्याच्या उत्तरार्धात सामने सुरू होतात. ऑक्टोबरअखेर पाने गळू लागतात तोवर नियमित सामने बहुधा संपत आलेले असतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार, एखाद्या यजमान विद्यापीठात काही दिवसांत उरकल्या जातात. तेथे तसे नाही. आठवड्याला एक किंवा दोन सामने, कधी आपल्या मैदानावर तर कधी शेकडो मैल प्रवास करून परक्या मैदानावर, असा क्रम अडीच-तीन महिने चालतो. शेजारपाजारच्या किंवा समान दर्जाच्या विद्यापीठांनी मिळून केलेल्या संघटनेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. तिच्या अंतर्गत स्पर्धेनंतर राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघांची निवड होते. १९८२ साली या राष्ट्रीय स्पर्धेत बारा संघ होते, २००१ पासून चौसष्ट आहेत. एकदा हरलेला संघ बाद होतो. अखेरचे चार संघ एका ठिकाणी जमतात आणि आता डिसेंबरच्या सुरुवातीस विजेता ठरतो.

खेळाचे नियमही थोडे वेगळे आहेत. जगात इतरत्र एकदा बाहेर गेलेली खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. महाविद्यालयीन सामन्यात काही मर्यादेत ती परत येऊ शकते. घड्याळ शून्याकडून पुढे न जाता पंचेचाळीस मिनिटांवरून उलटे मोजत शून्यावर येते. सरावालाही बंधन आहे : हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुटी द्यावीच लागते. खेळाडू ही प्रथम विद्यार्थिनी आहे, हे तत्त्व या नियमामागे आहे. प्रवासात बसमध्ये पुस्तके उघडून बसलेल्या मुलींना ते तत्त्व कितपत खरे वाटत असेल, हा भाग वेगळा.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम काळाचा आहे. प्रत्येक विद्यार्थिनीला स्पर्धेचे केवळ चार हंगाम मिळतात. व्यावसायिक क्लबात एखादी गुणी खेळाडू दहा-बारा वर्षे राहू शकते. येथे दर वर्षी अनुभवी खेळाडूंचा सुमारे चौथा हिस्सा पदवी घेऊन निघून जातो आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या मुली त्यांची जागा घेतात. संघाचे नाव आणि गणवेशाचा रंग कायम राहतो; माणसे राहत नाहीत. मग वर्षानुवर्षे एखादा संघ जिंकत राहतो तो कशाच्या बळावर?

याचे उत्तर शोधताना प्रथम एका कायद्याकडे वळावे लागते. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्त्यांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे मुख्य वाक्य मूळ इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे असून त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक कार्यक्रमात स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. खेळ हा शिक्षणाचा भाग मानला तर मैदानालाही हा कायदा लागू होतो, हा अर्थ पुढे निघाला. १९७५ मध्ये त्याचे नियम तयार झाले आणि महाविद्यालयांना ते अमलात आणण्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली.

या टप्प्यावर तो दुसरा, अंडाकृती चेंडूचा खेळ आडवा आला. अमेरिकन फुटबॉलच्या एका विद्यापीठीय संघात शंभरच्या आसपास तरुण असतात आणि त्यांच्या तोडीचा संख्याबळाचा महिलांचा खेळच नाही. पुरुष व स्त्री खेळाडूंच्या संधींत समतोल दाखवायचा, तर महिलांसाठी असा एखादा खेळ हवा होता की ज्यात पंचवीस-तीस मुली सामावतील, साहित्याचा खर्च बेताचा असेल आणि मैदान बहुधा तयारच असेल. सॉकर या कसोटीला अचूक उतरले. १९७१-७२ साली साऱ्या अमेरिकेतील माध्यमिक शाळांत मिळून केवळ ७०० मुली सॉकर खेळत होत्या. आज ती संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे. १९८१-८२ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेकडे महिला-सॉकरचे ८० संघ नोंदलेले होते, आज एक हजाराहून अधिक आहेत. ही वाढ एकसारखी झाली असे मात्र नव्हे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ संकुचित केला आणि क्रीडा विभागांवरील त्याचा वचक जवळजवळ नाहीसा झाला. १९८८ मध्ये काँग्रेसने नवा कायदा करून तो पुन्हा स्थापित केला.

कायद्याने संधी दिली. तिचे काय करावे, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील चॅपेल हिल येथील विद्यापीठात काही विद्यार्थिनी क्लब म्हणून आपापसांत सॉकर खेळत असत. आम्हांला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता द्या, अशी मागणी त्यांनी केली. क्रीडा विभागाच्या प्रमुखाने त्यांचा खेळ पाहून यावा म्हणून पुरुषांच्या संघाचा तरुण प्रशिक्षक पाठविला. त्याचे नाव अ‍ॅन्सन डॉरन्स. योगायोगाची गोष्ट अशी की, हा गृहस्थ ९ एप्रिल १९५१ रोजी मुंबईत जन्मला होता. वडिलांच्या नोकरीमुळे त्याचे बालपण आफ्रिका, आशिया व युरोप या खंडांत गेले. १९७९ मध्ये संघ अधिकृत झाला आणि डॉरन्सकडे पुरुषांबरोबर महिलांचा संघही आला. त्या वर्षी विद्यापीठीय संघ इतके थोडे होते की क्लबांच्या संघांशीही सामने ठरवावे लागले.

पुढील दोन वर्षांतील घडामोडींना एक कडू किनार आहे. १९७१ पासून महिलांच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार महिलांनीच स्थापलेली एक स्वतंत्र संघटना पाहत होती. १९८१ मध्ये महिला-सॉकरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिनेच चॅपेल हिल येथे भरविली. यजमानांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा अंतिम सामन्यात एका गोलने पराभव केला. पुढच्याच वर्षी पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने महिलांच्या स्पर्धाही आपल्या छत्राखाली घेतल्या आणि महिलांची संघटना बंद पडली. समानतेबरोबर पैसा आला, पैशाबरोबर पुरुष प्रशिक्षक आले. १९७२ मध्ये महिला-संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. हे प्रमाण पुढे निम्म्याच्याही खाली उतरले. डॉरन्स हा या बदलाचा नमुनाच म्हटला पाहिजे.

त्याच्या पद्धतीचे मर्म सामन्यात नसून सरावात होते. त्याच विद्यापीठातील बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवीत. डॉरन्सने ती रीत उचलली आणि टोकाला नेली. एकीशी एक अशा झुंजी, धावणे, चेंडू डोक्याने मारणे, गोलवर मारा, या सर्वांत कोण जिंकली व कोण हरली हे रोज लिहिले जाई आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावली जाई. मैदानावर तीन बचावपटू, चार मध्यफळीत आणि तीन आघाडीवर अशी धाडसी रचना असे. चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला की त्यांच्याच अर्ध्या भागात जाऊन तो हिसकावायचा. अशा खेळाला दम लागतो, आणि मैत्रिणीलाही न सोडण्याची वृत्ती लागते. सरावात मैत्रिणीला हरविणे मुलींना जड जाते, ते त्यांना शिकवावे लागते, असे डॉरन्सचे मत होते. स्त्रीस्वभावाविषयीची असली सरसकट विधाने स्वीकारताना सावध राहिले पाहिजे. पण नोंदवहीचा एक गुण नाकारता येत नाही : ज्येष्ठ खेळाडू निघून गेल्या तरी नोंदवही मागे राही, आणि नव्याने आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी आपले स्थान कळे.

१९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने चॅपेल हिलच्या संघाला दोन गोलांनी हरविले. त्यानंतर हा संघ हरलाच नाही. १९८६, ८७, ८८, ८९ हे चार हंगाम पराभवाविना गेले. १९९० च्या हंगामाच्या आरंभी संघात सतरा-अठरा वर्षांच्या वयात गोलांचा वर्षाव करू लागलेली मिआ हॅम होती, तिच्याच वर्गातील क्रिस्टिन लिली होती. पहिले आठ सामने जिंकून झाले तेव्हा अपराजित सामन्यांची संख्या १०३ झाली होती. त्यांत ९७ विजय आणि ६ बरोबरी. येथे चार हंगामांचा नियम आठवावा. १९८७ मध्ये प्रथम वर्षात आलेली विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षात होती आणि महाविद्यालयीन सामन्यात हरणे म्हणजे काय याचा तिला अनुभवच नव्हता. १०३ सामन्यांची ही मालिका कोणा एका खेळाडूची नव्हती. आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती सोपविलेले ते एक ओझेही होते.

२२ सप्टेंबर १९९० रोजी, नवव्या सामन्यात, कनेक्टिकट विद्यापीठाने जादा वेळेत ३-२ असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली. हॅम महाविद्यालयीन कारकिर्दीत ९५ सामने खेळली. त्यांतील पराभवाचा सामना हा एवढाच.

हंगाम आखूड असला की पराभवाचा शोक करायलाही वेळ नसतो. उरलेले बाराही सामने संघाने जिंकले. नोव्हेंबरमध्ये अंतिम सामन्यात समोर उभा ठाकला तो कनेक्टिकटचाच संघ. निकाल ६-० लागला. त्या पराभवानंतर सुरू झालेली विजयांची साखळी ९२ सामन्यांपर्यंत गेली आणि २ ऑक्टोबर १९९४ रोजी नोत्र दाम विद्यापीठाशी झालेल्या गोलशून्य बरोबरीने थांबली. १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद चॅपेल हिलकडेच राहिले.

या काळात डॉरन्स अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला-संघाचाही प्रशिक्षक होता. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत अमेरिकेने अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरविले. हॅमने त्यासाठी विद्यापीठाचा १९९१ चा हंगाम सोडला. म्हणूनच तिचे चार हंगाम १९८९, १९९०, १९९२ आणि १९९३ असे मोजले जातात. त्या काळी अमेरिकेत महिलांची स्थिर व्यावसायिक स्पर्धा नव्हती. विद्यापीठाचा शरद ऋतू हीच राष्ट्रीय संघाची शाळा होती, हे जगात इतरत्र कोठे आढळत नाही.

अशा अमर्याद अधिकाराची दुसरी बाजू १९९८ मध्ये पुढे आली. दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स व विद्यापीठ यांच्याविरुद्ध लैंगिक छळवणुकीचा दावा दाखल केला. खेळाडूंच्या खाजगी आयुष्याविषयी प्रशिक्षकाने केलेली अश्लील शेरेबाजी हा तक्रारीचा गाभा होता. डॉरन्सने छळवणुकीचा आरोप नाकारला. एकीचे प्रकरण २००४ मध्ये तडजोडीने मिटले. दुसरीचा दावा खालच्या न्यायालयात फेटाळला गेला होता. २००७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो सुनावणीस योग्य ठरविला, आणि त्याला आधार होता टायटल नाइनचाच. २००८ च्या तडजोडीत डॉरन्सने माफीही मागितली. ज्या कायद्याने मुलींना मैदान दिले, त्याच कायद्याने मैदानावरील वडीलधाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकारही दिला होता. पण तो बजावताना दहा वर्षे गेली. चार हंगामांच्या मानाने हा काळ किती मोठा आहे, ते सांगावयास नको. डॉरन्स पदावर कायम राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, तो निवृत्त झाला. त्याचा सहकारी डेमन नाहस याच्या हाताखाली संघाने त्याच डिसेंबरात वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून आणखी एक राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

दरम्यान हंगामाचे अर्थकारण बदलले. अनेक वर्षे महिला-सॉकर संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि प्रशिक्षक त्या तुकड्या करून वीस-पंचवीस मुलींत वाटीत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका मोठ्या तडजोडीने ही मर्यादा गेली. तिच्या जागी संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली, आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. माजी खेळाडूंना द्यावयाच्या भरपाईचा फार मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार, असा तिचा हिशेब आहे. तो जाहीर झाल्यावर काही दिवसांतच काही महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केले. त्यांनी आधार घेतला तो १९७२ च्या त्या ३७ शब्दांचाच.