एकवीस दिवसांचा हिशोब

जानेवारी उजाडला की अनेक शाळांत मुलांना नव्या वर्षाचे संकल्प लिहायला सांगतात. पहाटे उठेन, रोज दहा गणिते सोडवीन, चिडणार नाही. महिनाअखेरपर्यंत त्यांतले बरेचसे बारगळतात. संकल्प मोडल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यापाठोपाठ मनात घर करणाऱ्या 'माझ्याच्याने काही होत नाही' या समजुतीमुळे. आणि ही समजूत पुष्कळदा एका चुकीच्या आकड्यावर उभी असते.

तो आकडा म्हणजे २१. 'कोणतीही सवय २१ दिवसांत लागते' असे सर्रास सांगितले जाते. याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. सांगोवांगी त्यातला 'किमान' गळला, चेहराही गळला. उरला तो फक्त आकडा.

प्रत्यक्ष मोजले तर काय दिसते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी कृती निवडायला सांगितली. ती रोज ठरावीक वेळी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायची आणि १२ आठवडे नोंद ठेवायची. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ ६६ दिवस आला. व्यक्तिगत आकडे मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले आहेत.) म्हणजे १ जानेवारीला सुरुवात केली, तर कोणाची सवय १८ जानेवारीला लागेल, कोणाची मार्चमध्ये, तर कोणाची सप्टेंबरात!

आणखी एक गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. ठरावीक प्रसंग आणि कृती यांची सांगड मेंदूत पुनरावृत्तीने हळूहळू पक्की होत जाते. एका खाड्याने ती पुसली जात नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. 'रोज अभ्यास करीन' ऐवजी 'रात्री जेवण झाल्यावर दोन गणिते सोडवीन' असे लिहून घ्या. चौकटींच्या कागदावर रोज खूण करू द्या. चुकलेल्या दिवसाची चौकट कोरी राहू दे. दुसऱ्या दिवशी पुढे चालू. कोणाची तुलना कोणाशी नको. एक कागद आपणही भरावा.

मात्र एखादे मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, खेळातही रमत नसेल, तर तो प्रश्न संकल्पाचा किंवा इच्छाशक्तीचा नाही. तेव्हा पालकांशी बोलून तज्ज्ञांची मदत घ्यावी. शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस उपलब्ध आहे. स्वतःला गरज वाटली, तर आपणही हा क्रमांक फिरवायला संकोच करू नये.