सरकारी काम फक्त मोठ्यांचंच? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगरच्या नागापूर एमआयडीसीत दोन लेथ आणि एक सीएनसी चालवणाऱ्या कारखानदाराकडे सरकारी टेंडरचा विषय काढला, की बहुधा ऐकू येतं, ‘ते मोठ्यांचं काम.’ या समजानं लहान शेडवाल्यांचं फार नुकसान केलं आहे. 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीत किमान 25 टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायच्या असतात. त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. शिवाय 358 वस्तू फक्त लहान उद्योगांसाठी राखीव आहेत.

मोठ्या कंपनीच्या हाताखाली केलेलं काम यात धरत नाहीत, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. मोठ्या उद्योगानं लहानाला दिलेलं उपकंत्राट या 25 टक्क्यांत मोजलं जातं. नगरचंच उदाहरण घ्या. इथल्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं टाटांच्या साथीनं ‘व्हॅप’ हे आठ चाकी चिलखती वाहन विकसित केलं. अशा वाहनाचे बुश, पिना, ब्रॅकेट लहान शेडमध्येही होऊ शकतात. अडतं ते मापातल्या अचूकतेवर, तपासणीच्या नोंदींवर, मालाच्या प्रमाणपत्रांवर. ही शिस्त हाताला धरून शिकवणारी मोठी कंपनी मिळणं, हेच मोठ्या आणि लहान उद्योगातल्या मार्गदर्शक भागीदारीचं खरं मोल.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘नाव तुमचं, काम आमचं’ हीच भागीदारी. आपलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, दुसऱ्याला वापरायला देणं ही भागीदारी नव्हेच. धोरणाचा लाभ स्वतः उत्पादन करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. अमेरिकेत मोठा मार्गदर्शक आणि लहान उद्योग अशा जोड्यांसाठी सरकारी योजना आहे. तिथेही संयुक्त उपक्रमात लहान उद्योगाची मालकी किमान 51 टक्के लागते आणि उपक्रमाच्या वाट्याचं किमान 40 टक्के काम त्यानं स्वतः करायचं असतं.

उद्यम नोंदणीला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारा मार्गदर्शक नव्हे, दलाल.

पैसे अडकण्याची भीती मात्र खरी आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानं ग्राहकाला, मग तो सरकारी असो वा मोठी कंपनी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवस दिले आहेत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे मागता येते. मोठ्या कंपनीशी हात मिळवण्याआधी काम, दर आणि पैसे देण्याची मुदत कागदावर लिहून घ्या.